धुण्याआधी बघणारे मामा: निगडीतलं डिफ्रेन्शियलचं गॅरेज

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत टायरवाले, पाटेवाले, बॉडीवाले, वायरिंगवाले असे सगळे ओळीने बसलेले आहेत. त्यांच्याच मागच्या गल्लीत एका पत्र्याच्या शेडमध्ये फक्त डिफ्रेन्शियलचं, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधोमध बसून इंजिनची ताकद चाकांकडे वळवणाऱ्या गिअरच्या संचाचं, काम करणारं एक गॅरेज आहे. त्याला पाटी नाही. ‘डिफ्रेन्शियलवाले मामा कुठे बसतात’ एवढं विचारलं की कुठलाही क्लीनर बोट दाखवतो. सेकंडहँड डिफ्रेन्शियल घेतलंय, बसवायच्या आधी खोलून, धुऊन, तपासून कोण देईल, असं गेल्या दोन महिन्यांत मला चार जणांनी फोन करून विचारलं. प्रत्येकाला फोनवर अर्धंच सांगितलं जातं, म्हणून सगळं इथे लिहिते.

आमच्या दोन गाड्या आहेत. आबांनी तीस वर्षं स्वतः स्टेअरिंग धरलं. त्यांची कंबर गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, भाडं, डिझेल, पासिंग, इन्शुरन्स सगळं मी बघते. जुनी गाडी सोळा टनी टाटा, सहा चाकी. हंगामात चाकणचा कांदा, एरवी भोसरीहून कास्टिंग घेऊन कोल्हापूर. तिच्यावर ड्रायव्हर काका आहेत, एकोणीस वर्षं आमच्याकडे. आमच्या घरचेच म्हणा.

जूनमध्ये खंबाटकी घाट चढताना काकांना मागून घरघर ऐकू यायला लागली. ओढीवर असताना आवाज, पाय काढला की शांत. घाटमाथा दिसत असताना ‘खाड’ झालं आणि गाडी जागेवर. इंजिन चालू, गिअर पडतोय, शाफ्ट फिरतोय, चाकं ढिम्म. क्राऊनचे, म्हणजे डिफ्रेन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चक्राचे, दात गेले होते. माल दुसऱ्या गाडीत पलटी केला. काकांनी दोन्ही बाजूचे एक्सल ओढून काढले, म्हणजे ओढून नेताना तुटलेलं डिफ्रेन्शियल फिरून आणखी नासधूस करणार नाही, आणि हबच्या उघड्या तोंडांवर प्लॅस्टिक गुंडाळून सुतळीने आवळलं. तशी गाडी पुण्यात आणली. कात्रजचा नवा बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरतानाचा त्यांचा फोन मला आजही आठवतो. ‘ताई, हे भरल्या गाडीला या उतारावर झालं असतं तर?’ क्राऊन-पिनियन (पिनियन म्हणजे क्राऊनला फिरवणारं लहान चक्र) गेलं की इंजिनचा रोध संपतो, मागचा सगळा भार ब्रेकवर येतो. भरल्या गाड्यांचे ब्रेक जाऊन अपघात होणारा तो उतार पुण्यात कुणाला समजावून सांगायला लागत नाही. माझ्या पोटात गोळा आला तो खर्चाच्या आकड्याने नाही, या एका वाक्याने.

कारण हे डिफ्रेन्शियल मीच बसवून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गॅरेजमध्ये. तेव्हाही सेकंडहँडच आणलं होतं. त्यांनी बाहेरून पाण्याच्या प्रेशरने धुतलं, हाताने फ्लँज (शाफ्ट जोडायची तबकडी) फिरवून ‘एक नंबर आहे’ म्हणाले, चढवलं आणि वरून सगळ्या हौसिंगला (मागच्या एक्सलच्या लोखंडी कवचाला) चंदेरी रंग मारून दिला. एका दिवसात गाडी मोकळी. ती चकचकीत हौसिंग बघून मला बरंही वाटलं होतं. आतलं झाकण कुणी उघडून बघितलं नव्हतं आणि मीही ‘उघडा’ म्हटलं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत पिनियनचं सील दोनदा गळलं, दोनदा बदललं. ‘सील डुप्लिकेट निघालं’ एवढंच उत्तर मिळालं.

म्हणून या वेळी कानाला खडा लावला होता.

नवीन डिफ्रेन्शियल आमच्या ऐपतीबाहेर. चिखलीच्या बाजूला एका व्यापाऱ्याकडून जुनं घेतलं, ३४ हजार. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली पत्र्याची शेडं पाडल्यापासून भंगारवाले पांगलेत. आज इथे असलेला माणूस सहा महिन्यांनी तिथेच सापडेल याची खात्री नाही, त्यामुळे माल घेतल्या दिवशीच तपासून घेतलेला बरा. ‘सेम तुमच्याच गाडीचं आहे, डोळे झाकून बसवा’ असं सांगून त्याने टेम्पोत चढवून दिलं.

मामांच्या शेडमध्ये उतरवल्यावर मी म्हटलं, ‘मामा, आधी स्वच्छ धुऊन घ्या.’ मामांनी मान हलवली. ‘धुवायचं मग. आधी बघायचं. धुतलं की पुरावा गेला.’

मामा साठीच्या पुढचे असावेत. भोसरीच्या एमआयडीसीत गिअरच्या कारखान्यात बरीच वर्षं काढून मग हे काम सुरू केलेलं. शब्द मोजून बोलतात, हात मात्र थांबत नाही. त्यांनी पांढऱ्या इनॅमलचा एक मोठा ट्रे खाली ठेवला, आपण पूर्वी घरात वापरायचो तसला, आणि आत राहिलेलं ऑइल त्यात ओतून घेतलं. पांढऱ्यावर सगळं दिसतं. ऑइल चहासारखं दुधी झालं असेल तर आत पाणी गेलंय, म्हणजे गाडी पुरात उभी होती किंवा बरीच वर्षं उघड्यावर पडलेली. पिवळी चमक असेल तर पितळी वॉशर झिजलेत. जळका वास असेल तर कधीतरी ऑइलशिवाय पळालंय. मग त्यांनी लोहचुंबक ट्रेमधून फिरवलं. चुंबकाला करडा, मऊ चिखल लागला. तो अंगठा आणि तर्जनीत चोळून मामा म्हणाले, ‘हे चालतं. लोणी चालतं, रवा चालत नाही.’ रवा म्हणजे टोचणारे कण, तुकडे. आमच्यात रवा नव्हता. मला हायसं वाटलं.

ते समाधान दहा मिनिटं टिकलं. मामांनी क्राऊनच्या एका दातावर खडूची खूण केली आणि मला सांगितलं, ‘मोजा.’ मी मोठ्याने मोजत गेले, त्यांच्या हाताखालचा मुलगा हळूहळू फिरवत गेला. ४१. मग पिनियनचे मोजले. ७.

‘आबांच्या गाडीचं किती?’ मामांनी विचारलं.

आमचं तुटलेलं जुनं तिथेच पडलं होतं. त्याच्या पिनियनवर ६ दात निघाले. क्राऊनचे उरलेले आणि तुटलेल्यांची बुडं धरून ४१.

बाहेरून दोन्ही डिफ्रेन्शियल जुळी भावंडं. तेच बोल्ट, तेच माप, चढवलं असतं तर बिनतक्रार बसलं असतं. पण ४१ भागिले ६ म्हणजे ६.८३ आणि ४१ भागिले ७ म्हणजे ५.८५७. मामांनी जमिनीवर खडूने मांडून दाखवलं. इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर असताना गाडी सहाऐवजी सात किलोमीटर जाईल, पण ओढ सातातला एक हिस्सा कमी होईल. सपाटीवर ड्रायव्हर खूश, घाटात क्लच रडणार. शिवाय आमच्या गाडीचा स्पीडचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला मागे काय बदललं ते कळत नाही. काटा ४८ दाखवेल तेव्हा गाडी ५६ने पळत असेल. रिकाम्या डब्यांसारखा हलका माल वाहणाऱ्याला ५.८५७ फायद्याचं असेलही, पण कास्टिंग भरून खंबाटकी चढणाऱ्या गाडीला ते नको. आणि ज्यांच्या गाडीला मागे दोन चालते एक्सल आहेत त्यांनी तर दोन्हींचे दात एकसारखे आहेत ना हे आधी बघायचं, नाहीतर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडत राहतात.

त्याच संध्याकाळी ते परत दिलं. व्यापाऱ्याने कुरकूर केली पण बदलून दिलं. टेम्पो आणि हमालीचे १,५०० गेले. दुसरं निवडताना मामांनी त्या मुलाला सोबत पाठवलं, त्याने तिथेच दात मोजले. क्राऊन आणि पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर एकच आहे ना, तेही त्याने बॅटरी लावून वाचलं. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोघांवर एकच नंबर पडतो. इकडचं क्राऊन, तिकडचं पिनियन अशी मोडतोड करून जोडी लावली की ती कधीच शांत चालत नाही. हे मला आधी माहीत असतं तर मागच्या वेळीही मी ते नंबर वाचून बघितले असते.

दुसऱ्या डिफ्रेन्शियलचं काम तीन दिवस चाललं. मी त्यातले दोन दिवस पूर्ण तिथे होते. मामा कुणाला हाकलत नाहीत. उलट मालकाने बसावं असंच त्यांना वाटतं.

खोलायच्या आधीसुद्धा बरंच काही होतं. डायल गेज लावून क्राऊन आणि पिनियनच्या दातांतली मोकळीक चार ठिकाणी मोजली: ०.२८, ०.३०, ०.२८, ०.२६ मिलिमीटर. चारही आकडे खडूने कास्टिंगवरच, म्हणजे डिफ्रेन्शियलच्या ओतीव बॉडीवरच, लिहिले. हे आकडे जवळजवळ सारखे आले म्हणजे क्राऊन वाकडं नाही. आणि जुन्या जोडीला दात एकमेकांच्या सवयीचे झालेले असतात, तेव्हा पुन्हा जोडताना पुस्तकाच्या मर्यादेत राहून होता तिथेच परत आणायचं. मग बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर सेंटर पंचने खुणा, डाव्या बाजूला एक ठिपका, उजव्या बाजूला दोन. कॅप आणि बॉडी कारखान्यात एकत्र बोअर केलेली असते, कॅपची अदलाबदल झाली की बेअरिंगचं घर गोल राहत नाही. एवढं झाल्यावरच पाना लागला.

आता धुणं. मला वाटायचं धुणं म्हणजे हाताखालच्या पोराचं काम. इथे मामा स्वतः धुतात.

पहिलं पाणी डिझेलचं. मोठ्या टपात कास्टिंग, क्राऊन, पिंजरा (लहान गिअर ज्यात बसतात तो), लहान गिअर. ब्रशने घासून जाड थर काढायचा. तारेचा ब्रश फक्त बाहेरच्या ओबडधोबड भागाला, घासलेल्या पृष्ठभागाला नाही. दुसरं धुणं रॉकेलचं, वेगळ्या स्वच्छ टपात, आणि बेअरिंगचा टप त्याहून वेगळा. पेट्रोलने धुऊ देत नाहीत. शेजारी वेल्डिंग चालतं, एक ठिणगी पुरे. पाण्याचा तर थेंबही लावत नाहीत. जुलैचा महिना, हवा दमट, घासलेल्या लोखंडावर दुपारी लागलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गंज होऊन दिसतं. धुऊन कोरडा केलेला प्रत्येक भाग लगेच पातळ ऑइलचा हात फिरवून प्लॅस्टिकखाली. पुसायला वेस्ट कॉटन नाही, धुतलेल्या जुन्या बनियनचं कापड. कॉटनचे धागे ऑइलच्या वाटेत अडकतात.

ऑइलची वाट हा शब्द मी तिथेच शिकले. क्राऊन फिरताना ऑइल उडवतं, ते कास्टिंगमधल्या एका पन्हाळीत पडतं आणि तिथून पिनियनच्या बेअरिंगकडे जातं. आमच्या डिफ्रेन्शियलची ती पन्हाळी काळ्या खरवसासारख्या थराने अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मामांनी आधी सायकलच्या स्पोकने, मग रॉकेलच्या पिचकारीने आणि शेवटी हवेने ती मोकळी केली. दुसऱ्या टोकाला बोट धरून हवा येते का ते मला बघायला लावलं. बाहेरून कितीही फवारा मारला असता तरी त्या जागेला पाणी शिवलं नसतं.

त्या मुलाने बेअरिंग सुकवताना हवेचा पाइप लावून ते गर्रकन फिरवलं, तेव्हा मामांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. कोरडं बेअरिंग हवेने फिरवलं की रोलर आणि रेस (रोलर जिच्यावर फिरतात ती कडी) एकमेकांना ओरखडे काढतात, आणि बेअरिंगचा पिंजरा फुटला तर रोलर गोळीसारखा सुटतो. हवा मारायची ती आडवी, आणि बेअरिंग हातात घट्ट धरून.

धुतल्यानंतरची तपासणी उजेडात, शेडच्या दाराशी. क्राऊनचे दात एकेक करून. खड्डे नाहीत, निळसर जळके डाग नाहीत. आतल्या क्रॉसवर चार लहान गिअर फिरतात, त्या क्रॉसच्या बाह्या नखाने, मग मायक्रोमीटरने. लहान गिअरमागचे वॉशर झिजलेले निघाले, ते बदलायचे ठरले. एक्सलचे स्प्लाइन, म्हणजे टोकाच्या उभ्या खाचा, मामांनी एका सरळ पट्टीला लावून बघितले. एक्सलला पीळ पडला असेल तर स्प्लाइन तिरपे दिसतात. आमचे सरळ होते.

मग पिनियनच्या मोठ्या बेअरिंगची बाहेरची रेस मामांनी माझ्या हातात दिली. ‘नख फिरवा.’ डोळ्यांना ती आरशासारखी दिसत होती. मी हळूहळू नख फिरवत गेले. एका जागी नख किंचित अडलं. परत फिरवलं, परत तिथेच. उजेडाकडे तिरपं धरल्यावर दिसलं: खसखशीच्या दाण्याएवढा पोपडा उडालेला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक उडायच्या बेतात. हाताने फ्लँज फिरवून हे कळलं असतं का, असं मी विचारलं. ‘नाही. अडीच-तीन हजार किलोमीटरनंतर कानाला कळलं असतं.’ बेअरिंग सगळी नवीन घ्यायचं ठरलं. नाना पेठेतून आणा नाहीतर निगडीतून, त्यांची सक्ती नाही. अट एकच, पेटी सीलबंद हवी आणि ती त्यांच्यासमोर फोडायची.

तडा बघायची त्यांची रीत मी आधी कधी पाहिली नव्हती. पिंजरा आणि लहान गिअर तासभर रॉकेलमध्ये ठेवले, पुसून कोरडे केले आणि मग खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून त्याचा पातळ लेप दिला. लेप वाळून पांढरा झाला. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. आमच्या भागांवर काही उमटलं नाही. फरक कळावा म्हणून मामांनी कोपऱ्यात पडलेला दुसऱ्या कुणाचा तरी टाकून दिलेला गिअर आणून त्यालाही तोच लेप दिला. आधी काहीच नव्हतं. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत दाताच्या बुडाशी केसाएवढी काळपट रेघ उठलेली. त्या पोराने बोटाने पुसली, परत लेप दिला, थोड्या वेळाने परत आली. तो गिअर मघाशी माझ्या हातात दिला असता तर मी शंभर टक्के ‘चांगला आहे’ म्हटलं असतं.

जोडणीबद्दल सगळंच सांगत बसत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पिनियनची बेअरिंग किती आवळायची हे मामा हाताच्या अंदाजाने ठरवत नाहीत. सील बसवायच्या आधी पिनियनच्या फ्लँजला सुतळी गुंडाळतात, तिला रद्दीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा अडकवतात आणि एकसारखं ओढतात. सुटताना काटा जास्त दाखवतो, तो धरायचा नाही. फिरत असताना जिथे स्थिरावतो तो आकडा. तो फ्लँजच्या त्रिज्येने गुणून पुस्तकातल्या आकड्याशी ताडला. पहिल्यांदा कमी आला, शिम (पातळ चकती) बदलली, परत. तिसऱ्यांदा जमलं. दुसरं म्हणजे दातांवर रंग लावून बघणं. दहाबारा दातांना पातळ निळा रंग, क्राऊनला लाकडाचा दाब देऊन फिरवायचं आणि पिनियन कुठे टेकतंय त्याचा ठसा बघायचा. ठसा दाताच्या आतल्या टोकाला आला तर क्राऊन पिनियनपासून थोडं लांब सरकवायचं, बाहेरच्या टोकाला आला तर जवळ. ठसा दाताच्या शेंड्याकडे किंवा बुडाकडे गेला तर पिनियनखालच्या शिम बदलायच्या. आमचा ठसा मधोमध, किंचित आतल्या बाजूला आणि जुन्या घासलेल्या पट्ट्यावर बरोबर बसला. मोकळीक ०.२८. खडूचा तो आकडा अजून कास्टिंगवर होता.

मला वाटलं आता चढवायचं. मामा म्हणाले, ‘गाडीचं पोट कोण धुणार?’

मागच्या एक्सलची हौसिंग गाडीलाच असते. तुटलेल्या क्राऊनचे दात तिच्यातच पडलेले. तळाचा चिखल काढल्यावर मामांनी लांब तारेला चुंबक बांधून दोन्ही बाजूच्या नळ्यांमध्ये पार हबपर्यंत फिरवलं. उजव्या नळीतून काहीच आलं नाही. डाव्या नळीतून चुंबक बाहेर आलं तेव्हा त्याला करंगळीच्या पेराएवढा दात चिकटलेला होता. तो तसाच राहिला असता तर पहिल्या वळणावर घरंगळत येऊन नव्या जोडीत गेला असता. काकांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि मग ब्रीदर. हौसिंगच्या वरच्या अंगाला एक छोटंसं टोपीसारखं असतं. डिफ्रेन्शियल तापलं की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. मामांनी त्यावर बोट फिरवलं, मग सुई मागितली. सुई टोचून ओढली तर चंदेरी रंगाचा एक गोल पापुद्रा निघाला, टिकलीएवढा. दोन वर्षांपूर्वी मारून दिलेल्या त्या चकचकीत रंगाने ब्रीदरचं तोंड बंद करून टाकलं होतं. हवेला वाट नाही म्हणून ती दाबाने सीलमधून ऑइल बाहेर ढकलत राहिली. आम्ही सील बदलत राहिलो, ऑइल कमी होत राहिलं आणि शेवटी दात जळले. सील डुप्लिकेट नव्हतं. ती चंदेरी टिकली मी पाकिटात ठेवली आहे. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांना जाऊन दाखवली. त्यांनी हात झटकले. मामांनी ब्रीदर नवीन बसवला, फार तर दोनशे रुपयांची वस्तू.

मामा हौसिंगला रंग मारत नाहीत. मारायचा तर स्वतः मारा, ब्रीदरवर टोपण ठेवून, असं सांगतात.

चढवताना सिलिकॉन लावलं तेही मोजकं, एक बारीक सलग धार. भरपूर लावलं की आतल्या बाजूला फुगतं, तुटतं आणि त्याचे मणी ऑइलच्या त्याच वाटेत जाऊन बसतात. ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं ईपी (जास्त दाब सोसणारं) गिअर ऑइलच, लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत. मग काकांना रिकाम्या गाडीने देहूरोडच्या बाजूला तीस किलोमीटर चक्कर मारायला लावलं. आल्या आल्या मामांनी हौसिंगवर तळहात ठेवला. हात ठेवून राहता येत होता. बोल्ट पुन्हा तपासले, सीलखाली वर्तमानपत्र पसरून अर्धा तास उभी केली. कागद कोरडा.

खर्च सांगते. खोलणं, धुणं, तपासणं आणि सेटिंग ५,५००. गाडीला चढवणं आणि हौसिंगची सफाई ३,५००. बेअरिंग, सील, वॉशर, नट, ब्रीदर, ऑइल धरून १४ हजारांच्या आसपास. तपासून माल खराब निघाला आणि तुम्ही पुढे गेला नाहीत तर नुसत्या खोलण्या-धुण्याचे १,८०० घेतात. हे काम सुरू व्हायच्या आधी सांगतात आणि नंतर एक रुपया वाढवत नाहीत. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत देतात.

तक्रारीही आहेत आणि त्या मी मामांना तोंडावर सांगितल्या आहेत. फोन उचलत नाहीत. सकाळी नऊच्या आत जाऊन नंबर लावावा लागतो, आणि आमच्या आधी दोन डिफ्रेन्शियल होती म्हणून पहिला दिवस नुसता वाट बघण्यात गेला. तीन दिवस म्हणाले की चार धरा. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब देतात. ज्यांना हिशेब दाखवायला लागतो त्यांची अडचण होते. पाऊस जोरात असला की शेडसमोर घोटाभर पाणी साचतं, गाडी आत घेता येत नाही. आणि बाईमाणसाला दिवसभर थांबायचं तर सोय काहीच नाही, मला दोन्ही दिवस जवळच्या पेट्रोल पंपावर जावं लागलं. दुसऱ्या दिवशी मात्र मामांनी घरून एक खुर्ची आणून ठेवली होती.

जाणार असाल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. तुमचं जुनं डिफ्रेन्शियल भंगारात देऊ नका, सोबत न्या, दात मोजायला लागतं. घेतलेलं सेकंडहँड धुऊन नेऊ नका, ऑइल काढून टाकू नका, आहे तसं मळकं न्या. व्यापाऱ्याकडून ‘दात किंवा माल चुकला तर चार दिवसांत बदलून’ एवढं कागदावर लिहून घ्या.

मामांच्या सांगण्यावरून दीड हजार किलोमीटरला ऑइल काढलं. काकांनी घरून स्टीलची परात आणली होती, पण मामांनी तोच पांढरा ट्रे पुढे सरकवला. चुंबक फिरवून त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि या वेळी ‘तुम्ही बघा’ म्हणाले. मी दोन बोटांत चोळून बघितलं. करडं, मऊ, कुठे टोचत नव्हतं. त्याच संध्याकाळी काका कास्टिंग भरून कोल्हापूरला निघाले, आणि साडेनऊला खंबाटकी चढून गेल्यावर त्यांचा फोन आला, आवाज नाही म्हणून सांगायला.